स्वादुपिंडासाठी दुसरा सीटी स्कॅन कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६२) पोटात न दुखता कावीळ झाली असून वजनही उतरले आहे. निफाडला केलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये पित्तनलिका फुगलेली दिसली, गाठ मात्र दिसली नाही. आता नाशिकचे सर्जन स्वादुपिंडाचा वेगळा, ड्युअल एनर्जी सीटी करायला सांगतात. आठ दिवसांत पुन्हा तोच खर्च कशासाठी? आधी पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहते ठेवणारी नळी) घालून कावीळ उतरवली तर चालणार नाही का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु या दोन तपासण्यांचे नाव सारखे असले तरी त्यांत मोठा फरक आहे. पोटाच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव उजळ दाखवणारे औषध) दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी, म्हणजे यकृत चांगले उजळते तेव्हा, प्रतिमा घेतात. स्वादुपिंड त्याआधीच, ४० ते ४५ सेकंदांच्या सुमारास, सर्वाधिक उजळते. त्याचा नेहमी आढळणारा कर्करोग तंतुमय आणि कमी रक्तपुरवठ्याचा असल्याने त्या क्षणी उजळ ग्रंथीत काळसर डागासारखा उठून दिसतो, आणि पुढे हा फरक पुसट होत जातो. म्हणून स्वादुपिंडाच्या या स्कॅनमध्ये दोन्ही वेळा, अगदी पातळ छेदांच्या प्रतिमा घेतात. वडिलांचे निदान अजून झालेले नाही. पण या वयात न दुखता झालेल्या कावीळीत ही शक्यता तातडीने तपासलीच पाहिजे.

ड्युअल एनर्जी यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी कॉन्ट्रास्टमधील आयोडीन वेगळे ओळखते, त्यामुळे लहान गाठ अधिक ठळक होते. तरीही काही गाठी भोवतालच्या ग्रंथीइतक्याच उजळतात आणि सीटीत सापडत नाहीत. तेव्हा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी लागते. गाठ आढळल्यास ती आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य धमनीला आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेला कितपत वेढून आहे, हेही याच प्रतिमांवरून ठरते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय बहुतांशी त्यावर अवलंबून असतो.

स्टेंटबाबत माझे मत स्पष्ट आहे : स्कॅन आधी, स्टेंट नंतर. स्टेंटमुळे प्रतिमेत अडथळा येतो, शिवाय ती प्रक्रिया करताना स्वादुपिंडाला सूज आल्यास तिच्यात गाठीची कड हरवते. मात्र थंडी वाजून ताप आला, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्कॅनला जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) अहवाल, मधुमेहाच्या गोळ्यांची नावे आणि निफाडच्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी.