बाक कुठे ठेवायचा, इथून सुरुवात करा

बाग आखताना माणूस जागा कशी पाहतो याचे मानसशास्त्रीय सिद्धांत वापरायचे असतील, तर गेस्टाल्टपासून (सुटे भाग मिळून एक आकृती कशी दिसते) मानसशास्त्रज्ञ गिब्सनपर्यंत (वस्तूच तिचा वापर कसा सुचवते) सगळं एकाच प्रकल्पात कोंबायचा मोह आवरा. आधी एकच सिद्धांत घ्या. मला विचाराल तर जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलेला: समोरचं लांबवर दिसावं आणि आपण मात्र आडोशाला असावं, अशी जागा माणसाला भावते.

आता तो एका बाकाला लावून बघा. हिरवळीच्या मधोमध ठेवलेला बाक आराखड्यात देखणा दिसतो, पण बसणाऱ्याची पाठ उघडी पडते. तोच कडेला सरकवा, मागे झुडपं, डोक्यावर झाडाची फांदी, समोर मोकळं. मागची झाडी मात्र कोणी लपेल इतकी दाट नको, नाहीतर त्या आडोशाचीच धास्ती वाटते.

हे सगळं वरून काढलेल्या आराखड्यात कळत नाही, म्हणून छेदचित्र, म्हणजे जागा उभी कापून बाजूने दाखवणारं चित्र, काढाच. बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर, उभ्याचे दीडेक मीटरवर असतात. १.३ मीटरचं कुंपण उभ्याला अडवत नाही, बसलेल्याचं मात्र सगळं दृश्य खातं. (मुलं आणि चाकाच्या खुर्चीतली माणसं आपण हमखास विसरतो.)

गिब्सनचं म्हणायचं तर ४५ सेंटिमीटर उंचीचा कठडा ‘बस’ असंच सांगतो. तुम्ही त्याला नुसती वाफ्याची कड म्हणा, लोक बसणारच. तेव्हा माथा रुंद आणि सपाट ठेवा, काटेरी झाडं तिथून लांब लावा.