गोड, फेसाळ, लाल आणि स्वस्त… चालेल का हो?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. वाइनमधलं आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नाही. ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, रेड वाइन आणली की पहिल्याच घोटाला जीभ टाळ्याला चिकटते, काढा प्यायल्यासारखं वाटतं. परवा एका पॉटलकला कोणीतरी रिउनीते कंपनीची लाम्ब्रुस्को नावाची लाल वाइन आणली होती, गोडसर, जराशी चुरचुरणारी, मला जाम आवडली. दुसरा ग्लास मागितला तर आमचे भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही काय वाइन आहे? मोठ्यांचं सरबत आहे हे!" पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत आणि सासूबाईंना "एकदा चव बघायचीय." ही आणली तर हसं होईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर: आणा की, बिनधास्त आणा! आवडली तर आवडली, त्यात लाजायचं काय. आणि तुमची जीभ चिकटते ना, ते टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतला तुरटपणा, जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी जाड होते तसंच. गोडव्याने ते झाकलं जातं, म्हणून ही तुम्हाला सोपी गेली.

लाम्ब्रुस्को ही इटलीतल्या एमिलियाकडची, म्हणजे मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा हा पट्टा. पार्मेजान चीज, हॅम, मोर्तादेल्ला असं सगळं तेला-तुपाचं खाणारी माणसं, आणि तिथे पिठाचे चौकोनी तुकडे तळून गरमागरम खातात, ग्नोक्को फ्रित्तो म्हणतात, आपल्या फुगलेल्या पुरीचा चुलतभाऊच. एवढं तळलेलं आणि चरबीचं खाल्लं की तोंड धुवायला काहीतरी थंड, आंबट, बुडबुड्यांचं हवंच, त्यासाठी ही वाइन. भावोजी जे सरबत म्हणतायत ते तिथल्या जेवणातलं ताक समजा.

गोडवा कुठून येतो? बंद टाकीत आंबवताना द्राक्षांमधली साखर पूर्ण संपायच्या आत वाइन गार करून, गाळून आंबणं थांबवतात. साखर उरते, गॅस आत राहतो आणि अल्कोहोल कमी भरतं. ती रिउनीते साधारण 8 टक्क्यांची, नेहमीची रेड 13-14 ची. बुडबुडेही शॅम्पेनएवढे दांडगे नसतात, प्रेशर जेमतेम 1 ते 2.5 बार, त्याला फ्रिझान्ते म्हणतात. गंमत म्हणजे रिउनीते ही 1950 साली सुरू झालेली सहकारी वायनरी, आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखी, आणि 70-80 च्या दशकात अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी इम्पोर्टेड वाइन तिचीच होती, जाहिरातीत चक्क बर्फ टाकून प्या म्हणायचे. तिथूनच हे नाक मुरडणं सुरू झालं.

दुकानात मात्र लेबल वाचा, नाहीतर फसाल. सेक्को म्हणजे ड्राय, अमाबिले म्हणजे गोडसर, दोल्चे म्हणजे चांगलीच गोड. तुमच्यासाठी अमाबिले. दहा डॉलरच्या आसपास बाटली मिळते, त्याहून जास्त घालू नका. जुनी करून ठेवायची वाइन नाही ही, फडताळात "मुरवायला" ठेवलीत तर वाया जाईल. उघडली की झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तीन.

आणि गार करा हो! मी एकदा गाडीच्या डिकीत तापलेली, रस्ताभर हिंदकळलेली बाटली तशीच पाहुण्यांसमोर उघडली, आमसुलाच्या रंगाचा फेस थेट पांढऱ्या टेबलक्लॉथवर आणि शेजारच्या वहिनींच्या ओढणीवर, डाग आजतागायत आहे. तीन तास फ्रिजमध्ये आडवी नाही, उभी, आणि उघडायची सिंकपाशी.

सोबत काय? आपलं तिखट तर हिच्याशी छान जमतं. जास्त अल्कोहोल आणि टॅनिनवाली रेड मिसळीबरोबर घेतलीत तर तोंडाची आग दुप्पट, ही उलट ती विझवते. कांदाभजी, कोथिंबीर वडी, मटणाचा तांबडा रस्सा, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ. श्रीखंड-गुलाबजाम नको, गोडावर ही पाणचट लागते.

आता कोणाला नको ते. सासऱ्यांना डायबिटीस असेल तर अमाबिलेच्या एका ग्लासात दोन चमच्यांच्या आसपास साखर धरा आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या चालू असतील तरीही. सासूबाई कडक शाकाहारी असतील तर बाटलीवर व्हीगन लिहिलंय का बघा, कारण वाइन नितळ करायला काही ठिकाणी जिलेटिन, अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग असलं वापरतात आणि ते नंतर कळलं तर घरात महाभारत. आणि सरबतासारखी लागते म्हणून गटागटा जाते, तीन ग्लास कधी झाले कळत नाही, 8 टक्के म्हणजे काही शून्य नव्हे. गाडी चालवणाऱ्याला खरं सरबतच द्या.

भावोजींसाठी वेगळी बाटली आणा, लाम्ब्रुस्को दी सोर्बारा, सेक्को. फिकट गुलाबी, आंबट, करकरीत कोरडी, मोदेनाची माणसं अभिमानाने पितात ती. नाव न सांगता ओता, "वा, ही बघा खरी वाइन" म्हणाले की मग लेबल त्यांच्याकडे फिरवा.