जर्मनीला निघालेला फिटर आणि त्याचे कागद

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात सुमारे दहा हजार उमेदवारांची चर्चा झाली आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या टपालात जर्मनीचा उल्लेख नाही असा आठवडा क्वचितच जातो. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी शासकीय आय.टी.आय.तून दोन वर्षांचा फिटर ट्रेड पूर्ण केला असून चाकणला सहा वर्षे देखभाल विभागात काम करतो. त्यांतील पहिली चार वर्षे ठेकेदाराकडे होती. एक एजंट साडेचार लाखांत भाषा, नोकरी आणि व्हिसा सगळे करून देतो म्हणतो, मात्र निम्मी रक्कम आधी मागतो. घरची पाऊण एकर जमीन गहाण ठेवण्याचा विचार आहे. ठेवावी का? (एक वाचक, चाकण)

उत्तर : ठेवू नये. जमिनीचा कागद एकदा सावकाराच्या कपाटात गेला की बाकीच्या चर्चेला अर्थ उरत नाही, म्हणून पैशांचे आधी सांगतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क, तेही पावती देऊन, घेता येते. साडेचार लाखांचा आकडा या चौकटीत कसा बसवतात, याची एक ठरलेली रीत आहे : थोडे ‘प्रशिक्षण’, थोडे ‘डॉक्युमेंटेशन’, थोडे ‘फाइल चार्ज’ असे तुकडे पाडायचे आणि नोकरीचा शब्द कोणत्याही पावतीवर येऊ द्यायचा नाही. उद्या नोकरी मिळाली नाही तर तुमच्या हाती भाषेच्या क्लासची पावती राहते, आणि क्लास तर झालेलाच असतो. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा. तो जाहिरातीत छापणे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो पडताळून पाहता येतो.

आता खरा खर्च किती, तेही पाहा. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क 75 युरो आहे. तुमचे प्रमाणपत्र तेथील प्रमाणपत्राशी ताडून पाहण्याचे शुल्क साधारण 100 ते 600 युरोंच्या दरम्यान पडते. याखेरीज भाषांतरे, भाषेचे शिक्षण व परीक्षा आणि विमानाचे तिकीट. ही रक्कम लहान नाही, पण ती टप्प्याटप्प्याने आणि स्वतःच्या हाताने भरता येते.

परंतु तुमच्या पत्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग तुम्ही विचारलेलाच नाही. सोबत जोडलेले अनुभवपत्र मी दोनदा वाचले. त्यात चार ओळी आहेत : तुम्ही अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ‘वर्कर’ म्हणून कामावर होता, वर्तणूक समाधानकारक होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली शिक्का आहे तो ठेकेदाराचा, आणि त्याच्या लेटरहेडवर ‘हाऊसकीपिंग, सिक्युरिटी व लेबर सप्लाय’ असे छापलेले आहे. तुम्ही त्या चार वर्षांत मशीनच्या स्पिंडलची बेअरिंग बदलली की शॉपची फरशी पुसली, हे न्यूर्नबर्गमध्ये बसलेल्या तपासनिसाला यावरून कसे कळावे?

न्यूर्नबर्गचे नाव घेण्याचे कारण असे की, जर्मनीतील बहुतेक उद्योग व व्यापार मंडळांच्या वतीने परदेशी प्रमाणपत्रांची समकक्षता तपासणारी संस्था तेथे आहे. तिचे नाव आय.एच.के. फोसा. ती तुमची परीक्षा घेत नाही. ती कागद वाचते. जर्मनीत तुमच्या कामाच्या जवळचा ‘औद्योगिक यंत्र कारागीर’ हा व्यवसाय साडेतीन वर्षांचा आहे. त्यात मुलगा आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो आणि शेवटी मंडळाची परीक्षा देतो. तुमची दोन वर्षे त्या साडेतीनांसमोर ठेवल्यावर जे अंतर उरते ते कामाच्या अनुभवाने भरून काढता येते, पण तो अनुभव सिद्ध झाला तरच. म्हणून ज्या चार ओळींवर तुम्ही समाधान मानले, त्याच ओळींवर तुमचा निकाल ‘पूर्ण समकक्ष’ येतो की ‘अंशतः’, हे अवलंबून आहे.

तेव्हा एजंटाकडे जाण्यापूर्वी कारखान्याच्या देखभाल प्रमुखांकडे जा. कोणती यंत्रे हाताळली, ड्रॉइंग वाचून काम केले का, किती मायक्रॉनच्या मर्यादेत, हायड्रॉलिक्स आणि न्यूमॅटिक्सचे काय काय केले, आणि हे सर्व कधीपासून कधीपर्यंत, असे सविस्तर पत्र त्यांच्याकडून कंपनीच्या लेटरहेडवर मागा. ठेकेदाराकडील वर्षे त्यांच्याच देखरेखीखाली झाली असतील तर तसे लिहून देण्यास त्यांना अडचण नसावी. पुष्कळदा अडचण असते ती एच.आर.ला, आणि तेथे चार हेलपाटे घालावे लागतात. सोबत भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक ठेवा, म्हणजे सलगता दिसेल. तुम्ही शिकलात त्या वर्षीचा ट्रेडचा अभ्यासक्रमही आय.टी.आय.तून मिळवा, कारण गुणपत्रिकेवर गुण असतात, विषयाचे तास नसतात.

कागद असे तयार झाले की वाटा मोकळ्या होतात. पूर्ण समकक्षता मिळाली तर कुशल कामगाराचा व्हिसा सरळ आहे. मार्च 2024 पासून आणखी एक सोय झाली आहे : स्वदेशात मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, जर्मन भाषेची ए-टू पातळी (सहा पातळ्यांतील खालून दुसरी) आणि हातात नोकरीचा करार असेल, तर आधी तेथे जाऊन कामाला लागावे आणि समकक्षतेचा अर्ज मालकाच्या साहाय्याने तेथून करावा. तुमच्यासाठी मला ही वाट सर्वांत जवळची वाटते. असेच प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असणाऱ्यांना समकक्षतेशिवायही जाता येते, मात्र पगार ठरावीक मर्यादेवर हवा. 2025 साली ही मर्यादा वर्षाला 43,470 युरो होती, आणि सामूहिक वेतन करार पाळणाऱ्या मालकाकडे त्या करारातील वेतन पुरते. जून 2024 पासून सुरू झालेल्या ‘संधी कार्डा’ची जाहिरात एजंट फार करतात. त्यावर नोकरी शोधायला जाता येते, पण तोवरचा खर्च आपल्या खिशातून दाखवावा लागतो. जमीन गहाण ठेवून नोकरी शोधायला जाऊ नये.

प्रश्न : माझा वेल्डर ट्रेड आहे. आखाती देशात सहा वर्षे पाइपलाइनवर 6जी (तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपचे) वेल्डिंग केले. जर्मनीत वेल्डरची टंचाई आहे असे सगळेच म्हणतात, मग मला नकार का येतो? (एक वाचक, उरण)

उत्तर : टंचाई आहे हे खरे, आणि तुमचा हातही बहुधा पक्का असेल. अडचण वर्षांची आहे. आपला वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आणि वर सांगितलेल्या दोन्ही सवलतींची अट दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची. शिवाय जर्मनीत केवळ वेल्डिंग असा स्वतंत्र शिकाऊ व्यवसायच नाही. तेथे वेल्डिंग हे धातुकामातील मोठ्या व्यवसायांचा एक भाग म्हणून शिकवतात आणि आय.एस.ओ. 9606 ची चाचणी त्यावर वेगळी देतात. तुमच्याकडे अशा चाचणीचे प्रमाणपत्र असेल तर मालक खूश होईल, पण व्हिसा अधिकारी मालकाच्या खुशीवर शिक्का मारत नाही. धातुकामाचा दोन वर्षांचा छोटा अभ्यासक्रम जर्मनीत आहे. त्याच्याशी तुमची तुलना होऊ शकेल का, हे शुल्क भरण्यापूर्वी मंडळाच्या सल्ला विभागाला ई-मेलने विचारा. जपानचाही विचार करून पाहा. तेथे एप्रिल 2019 पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा प्रकार आहे, भारताशी त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला, आणि त्यात प्रमाणपत्राची वर्षे न मोजता कौशल्याची व जपानी भाषेची परीक्षा घेतात. आपल्या क्षेत्राची परीक्षा भारतात होते का, एवढे आधी पाहून घ्या.

प्रश्न : माझी शिरोलीला फौंड्री आणि मशीन शॉप आहे. व्ही.एम.सी.वर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) उभा राहील असा ऑपरेटर मिळत नाही, सहा महिने शिकवला की पळतो. इथे माणसे नाहीत आणि शासन ती बाहेर पाठवते, याला काय म्हणावे? (एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : आपला त्रागा मला कळतो, कारण आय.टी.आय.त निदेशक असताना मी स्वतः मुले आपल्यासारख्यांच्याच दारात उभी केली आहेत. तरीही जर्मनीला बोल लावून हा प्रश्न सुटणार नाही. जर्मनीने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याची तयारी दाखवली. हा आकडा सबंध देशाचा आहे आणि त्यात संगणक अभियंतेही आले. एकट्या महाराष्ट्रात सरकारी आणि खाजगी मिळून सुमारे हजार आय.टी.आय. आहेत. आपला ऑपरेटर स्टुटगार्टला गेलेला नाही. तो पुण्याला गेला आहे, किंवा मोबाइलवर ऑर्डर आली की पार्सल पोहोचवतो आहे.

तो का गेला, हे आपण दोघेही जाणतो. 2019 च्या शिकाऊ उमेदवारी नियमांत आय.टी.आय. झालेल्या मुलाचे किमान विद्यावेतन महिना सात हजार रुपये होते. पुष्कळ ठिकाणी किमान हेच कमाल झाले, आणि उमेदवारीचे वर्ष संपले की त्याच यंत्रावर त्याच मुलाला ठेकेदाराच्या हजेरीपटावर घेतले गेले. मोल्डिंगला आणि फेटलिंगला (ओतलेल्या भागांची घासून सफाई) आपल्याकडे स्थानिक मुलगा उभा राहत नाही, म्हणून आपण बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून माणसे आणली, त्यांच्या राहण्याची सोय केली, मुकादमाला पैसे दिले. जर्मन मालक तेच करतो, फक्त त्याच्याकडे मुकादमाऐवजी दूतावास आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. पहिल्या पत्रातले अनुभवपत्र पाहा. चांगले सविस्तर पत्र दिले की माणूस पळेल, या भीतीने पुष्कळ मालक ते देत नाहीत. माझा अनुभव उलटा आहे : ज्या दोन-तीन कारखान्यांत मुलाला वर्षाच्या वर्षाला काय शिकलास ते लिहून मिळत असे, तेथे मुले जास्त टिकली, कारण पुढच्या वर्षी त्या कागदावर काय चढणार आहे हे त्यांना दिसत होते.

प्रश्न : नातू जर्मनीला निघाला आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्यांनी तुर्कस्तानातून असेच कामगार नेले होते आणि नंतर दार लावून घेतले, असे वाचल्याचे आठवते. गरज संपली की यालाही परत धाडतील का? (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : गुरुजी, आपली आठवण बरोबर आहे. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी, 1961 मध्ये तुर्कस्तानाशी आणि त्या सुमारास इतरही देशांशी कामगार आणण्याचे करार केले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले गेले, आणि पाहुणा म्हटला की तो परत जाणार हे गृहीतच होते. तेलसंकटाच्या वेळी, नोव्हेंबर 1973 मध्ये, ही भरती एका आदेशाने थांबली. लाखो लोक परतले आणि लाखो तेथेच राहिले, पण राहणाऱ्यांना भाषा शिकवण्याची किंवा सामावून घेण्याची तजवीज कोणी केलेली नव्हती.

आजची गरज वेगळ्या जातीची आहे, म्हणून ती तशी एका आदेशाने संपेल असे मला वाटत नाही. जर्मनीच्या दोन्ही भागांत मिळून 1964 साली 13 लाख 57 हजार मुले जन्मली. युद्धानंतरचा तो उच्चांक. ती मुले 2031 मध्ये 67 वर्षांची होऊन निवृत्त होतील, आणि त्यांच्या जागी येऊ पाहणाऱ्या पिढीत 2023 साली सात लाखांहूनही कमी जन्म झाले. नवे कायदेही मुक्कामाला आलेल्या माणसासाठी लिहिलेले आहेत : ठरावीक वर्षे काम केले, विमा-निवृत्तिवेतनाचे हप्ते भरले आणि भाषा शिकली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. त्यामुळे नातवाने व्हिसाला पुरते तेवढ्या ए-टूवर थांबू नये. शॉप फ्लोअरवर फोरमन प्रमाण जर्मन बोलत नाही, आणि बाडेन-वुर्टेम्बर्गची बोली तर जर्मनांनाही जड जाते.

त्याच 1964 साली, सप्टेंबरात, कोलोनच्या डॉइट्स स्थानकावर आर्मांदो रोद्रिगेस या पोर्तुगीज सुताराचे वाजतगाजत स्वागत झाले. तो दहा लाखावा पाहुणा कामगार होता. त्याला फुले आणि एक मोपेड भेट मिळाली. त्या छायाचित्रात तो पुरता गोंधळलेला दिसतो. पुढे तो मायदेशी परतला आणि आजारी पडला. जर्मनीतील विम्यातून आपल्याला मदत मिळू शकली असती हे त्याला ठाऊक नव्हते. साठवलेला पैसा उपचारात गेला आणि 1979 मध्ये तो वारला.

म्हणून नातवाला निघण्यापूर्वी एवढे सांगा. ढोबळ पगारातील साधारण दोन तृतीयांशच हाती येईल, आणि कापले जाणारे सगळे काही बुडीत नसते. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार मे 2017 पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडील निवृत्तिवेतनाची वर्षे पात्रतेसाठी एकत्र मोजता येतात. तेथे गेल्यावर त्याला निवृत्तिवेतन विम्याचा एक क्रमांक मिळेल. तो आणि इथला भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक एका कागदावर लिहून त्याने एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि दरवर्षीची पगारपत्रके मोबाइलमध्ये न ठेवता फायलीत लावावीत.