शंका घेतली की चेटकीण?

प्रश्न : आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' हे नाटक वाचलं. मुली रानात नाचताना सापडतात, घाबरून खोटं बोलतात, इथपर्यंत कळलं. पण चांगल्या घरातल्या, देवभोळ्या माणसांवर चेटकाचा आळ येतो तो कसा? अंधश्रद्धा एवढंच कारण का?

उत्तर : अंधश्रद्धा आहेच हो, 1692 चं अमेरिकेतलं सेलम गाव आहे ते, तिथे सैतान कोर्टालाही खरा वाटायचा. पण बोट कोणाकडे दाखवायचं हे जुनी खुन्नस ठरवते. पुटनमबाईची सात बाळं गेलीयत, तिला कुणीतरी दोषी हवंच आहे. नवऱ्याचा डोळा मात्र जमिनीवर, कारण फासावर गेलेल्याची जमीन जप्त होणार आणि ती विकत घ्यायची ऐपत त्याचीच, हे म्हातारा जाइल्स कोरी सरळ कोर्टात सांगतो. मग कोर्ट म्हणतं, हे तुला सांगितलं कोणी त्याचं नाव दे, तो देत नाही, तर अटक त्यालाच!

नाटकाचा नायक, शेतकरी प्रॉक्टर, त्याचंही तेच. पाद्री पॅरिसला सोन्याच्या मेणबत्तीदाण्या हव्यात म्हणून हा वैतागून चर्चला जायचा कमी झालाय आणि धाकट्याचा बाप्तिस्माही केलेला नाही. एरवी हा गावातला साधा रुसवा. पण चेटकाची हवा झाल्यावर चेटूक शोधायला बोलावलेला रेव्हरंड हेल घरी येऊन त्याला बायबलमधल्या दहा आज्ञा म्हणायला लावतो, हा नऊ सांगतो आणि अडखळतो, राहिलेली एक त्याची बायको हळूच सांगते, व्यभिचाराची. (नेमकी तीच, याचंच मोलकरणीशी लफडं झालेलं, मिलर पण ना!)

मला सगळ्यात भयंकर वाटतो तो 91 सह्यांचा कागद. आळ आलेल्या बायका चांगल्या आहेत, एवढंच लिहिलंय त्यात. न्यायाधीश डॅनफर्थ हुकूम सोडतो, सही करणाऱ्या सगळ्यांना चौकशीला आणा. कारण तोवर मुलींच्या शब्दावर कित्येकांना आत टाकून झालंय, आता मुली खोट्या म्हणजे कोर्टच खोटं, त्यामुळे शंका घेणारा आपोआप सैतानाच्या बाजूचा. कबूल करा, जगाल. नाही म्हणा, फाशी. खऱ्या सेलममध्येही असंच झालं, 19 जण फासावर गेले (जाळलं कोणालाच नाही, तो गैरसमज आहे) आणि कोरीला दगडांखाली दाबून मारलं.

नाटक आलं 1953 मध्ये, अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढायच्या धामधुमीत. तीनच वर्षांनी मिलरला संसदीय समितीने बोलावलं आणि इतरांची नावं मागितली, त्यानेही कोरीसारखीच दिली नाहीत.