व्हिडिओ कॉलचं राहू दे, वहिनीचं ऐक

अगं, तुझ्या पत्रातलं हे वाचून जरा रागच आला: 'आई फोनवर एकदम नॉर्मल असते, माझ्या पहिलीतल्या बाई काय म्हणायच्या ते पण सांगते. वहिनी म्हणते हल्ली विसरतात, पण मला वाटतं वहिनीचं जरा जास्तच आहे.'

बाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचं हेच. जुनं आठवतंय म्हणजे डोकं शाबूत, असं नसतं गं. डिमेन्शियात, म्हणजे विसरण्याच्या आजारात, बहुतेक वेळा आधी जातं ते आजचं, कालचं. आमचे सासरे निपाणीचे, १९८१चं तंबाखू आंदोलन, हायवे कसा अडवला, सगळं फोनवर रंगवून सांगायचे आणि आमच्या ह्यांचं एकच, अण्णा ठणठणीत आहेत. तिकडं जाऊबाई सांगून दमल्या की दुकानात शंभराची नोट दिल्यावर परत किती घ्यायचे ते अण्णांना कळेना झालंय, जन्मभर तंबाखूचा हिशोब तोंडी केलेला माणूस!

तेव्हा वहिनीला फोन लाव, भांडायला नको, विचारायला. आई तेच तेच परत विचारतात का, आमटीत मीठ दोनदा पडतं का, गॅस चालू राहतो का, गणपत गल्लीतनं घरी येताना रस्ता चुकतात का. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वयाचं, पण तोच फ्रिजमध्ये सापडतो आणि वर 'कामवालीनं चोरला' म्हणतात, तर डॉक्टरांना दाखवायचं.

लगेच शिक्का मारून मोकळी पण होऊ नको. आधी बी१२, थायरॉइड, कान तपासा, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते बघा, यातलं काही निघालं तर बऱ्याचदा सुधारतं. आणि एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना, ते इन्फेक्शन असू शकतं नाहीतर रक्तातलं सोडियम कमी-जास्त झालेलं. न्यूरोलॉजिस्टकडं वहिनीलाच सोबत पाठव, आणि टेस्ट मराठीत घ्या म्हणावं. अण्णांना कन्नड बाजारापुरतं, तिथं डॉक्टर कन्नडमधनं शंभरातनं सात वजा करा म्हणाले, काय करणार बिचारे?

आईला इकडं आणायचं का? तपासण्या होईपर्यंत तरी नको, नव्या घरात गोंधळ वाढतो. आणि जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढवायचं विचारलंस, ते भावाला आणि वकिलाला विचार बाई, त्यात मी पडत नाही.