एडब्ल्यूपी प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी
काउंटर-स्ट्राइक २ या व्हिडिओ गेममध्ये एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल खेळातल्या ४,७५० डॉलरला मिळते, म्हणून संघाची तिजोरी रिकामी असताना तिचा हट्ट धरू नका. पाय वगळता शरीरावर कुठेही लागलेली एकच गोळी पुरते. त्यामुळे डोके शोधत बसण्यापेक्षा शत्रू ज्या कोपऱ्यातून येणार, त्याच्या किंचित पुढे छातीच्या उंचीवर नेम आधीच लावून ठेवा आणि त्यालाच नेमात येऊ द्या. नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे चालता चालता गोळी झाडणे. पूर्ण थांबल्याशिवाय गोळी नेमावर जात नाही, आणि हे अंगवळणी पडायला मलाही बरेच महिने लागले. नेम चुकला, तर तिथेच उभे राहून दुसरी गोळी झाडण्याचा मोह आवरा, आडोशाला जा आणि जागा बदला. स्कोपविना, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून न पाहता, नेमबाजी तूर्त राहू द्या; आधी मिराजसारखा एकच नकाशा, म्हणजे खेळातले मैदान, नीट ओळखा.