सूटी, क्रॅकरजॅक, पँटो: ब्रिटिश मुलांना हसवणारे हे प्रकार मंडळाच्या कार्यक्रमात कसे बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या तुमच्या मराठी मंडळात मुलांसाठी अर्धा तास मिळालाय. साठी ओलांडलेले इंग्रज शेजारीही येणार आहेत. 'सूटी' (टीव्हीवरची अस्वलाची बाहुली), 'क्रॅकरजॅक' (मुलांचा टीव्ही कार्यक्रम), समुद्रकिनाऱ्यावरचा पंच (हातमोजा बाहुल्यांचा खेळ), नाताळातला पँटो (मुलांसाठीचं गाण्यांचं विनोदी नाटक) असली नावं निघाली की ते हळवे होतात. तुम्ही मात्र यूट्यूबवर हे सगळं पाहिलंत आणि "यात हसायचं काय?" असं झालं.

यूट्यूबवर हसू येणारच नाही. यातले शाब्दिक विनोद बहुतेक भंगार आहेत आणि तसेच असावे लागतात, कारण मुलांनी ओरडून त्यांची खिल्ली उडवणं हाच खेळाचा अर्धा भाग असतो. त्यामुळे संहिता लिहीत बसू नका. बसवायची आहे ती हातांची तालीम, मुलांच्या आरड्याओरड्याची वेळ आणि साबणाचा फेस.

आधी पंच अँड जूडी पाहू, म्हणजे पंच आणि त्याची बायको जूडी यांचा बाहुल्यांचा खेळ. सॅम्युअल पीप्स या प्रसिद्ध रोजनिशीकाराने 9 मे 1662 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली, ती पंचाची पहिली नोंद धरून 9 मे हा त्याचा वाढदिवस मानतात. खेळ करणाऱ्याला 'प्रोफेसर' म्हणतात आणि बाहेर उभं राहून गर्दी जमवणाऱ्या, पैसे गोळा करणाऱ्याला 'बॉटलर'. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या त्या उभ्या खोक्यात प्रोफेसर एकटाच असतो. त्याला दोनच हात, म्हणजे एका वेळी दोनच बाहुल्या. खेळाची सगळी रचना यातूनच आली आहे. पंच कायम उजव्या हातावर. डाव्या हातावर जूडी, पोलीस, जोई विदूषक, मगर असे एकामागून एक येतात, भांडतात, मार खातात आणि जातात. तुम्ही गोष्ट रचाल तीही अशीच रचा. तिसरं पात्र आत घेतलंत की दुसरा माणूस लागतो आणि त्या खोक्यात दोघांची कोपरं एकमेकांना लागतात.

हातमोजा बाहुलीत तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात आणि मधलं बोट दुसऱ्या हातात घालायचं. बाहुल्या खोक्याच्या आत कमरेच्या उंचीवर हुकांना उलट्या टांगा, म्हणजे घेराचं तोंड वर राहतं आणि हात खाली खुपसला की बाहुली थेट चढते. हे केलं नाही तर डाव्या हाताची बाहुली बदलताना उजवा हात मदतीला खाली येतो आणि पंच भर प्रवेशात विहिरीत पडल्यासारखा गायब होतो. दुसरी चूक नवख्यांकडून हमखास होते. डोक्यावर हात धरून पाच-सात मिनिटं झाली की कोपर उतरायला लागतं आणि बाहुली छातीपर्यंत 'बुडते'. आतल्याला ते कळत नाही. म्हणून तालमीत समोर मोबाइल लावून चित्रण करा आणि पहिल्या प्रयोगाला दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. मनगट किंचित पुढे वाकवा. मुलं खाली जमिनीवर बसलेली असतात, आणि मनगट सरळ ठेवलं तर बाहुली त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहते.

पंचाचा तो चिरका आवाज 'स्वॉझल'चा. धातूच्या दोन छोट्या, जरा वाकवलेल्या पट्ट्या, त्यांच्या मध्ये ताणलेली सुती फीत, वरून दोऱ्याने घट्ट गुंडाळलेलं. ते जिभेने टाळूला मागच्या बाजूस दाबून धरतात आणि त्यातून हवा काढतात. फीत ओली हवी. कोरडी असली की नुसती हवा निघते, म्हणून खेळाआधी स्वॉझल पाण्यात भिजत टाकतात. खरी कसरत पुढे आहे. पंच स्वॉझलमधून बोलतो, पण जूडी साध्या आवाजात, म्हणजे दर वाक्याला ती वस्तू जिभेने बाजूला सारायची आणि परत जागेवर आणायची. दोनदा गिळल्याशिवाय कोणी खरा प्रोफेसर होत नाही, हा त्या धंद्यातला जुना विनोद आहे. विनोद ठीक, पण ते खरोखर श्वासनलिकेत अडकू शकतं. शिकताना त्याला लांब दोरा बांधून टोक तोंडाबाहेर ठेवा, आणि मुलांच्या हातात ते अजिबात देऊ नका. महिन्याभराचा सराव होणार नसेल तर स्वॉझल सोडूनच द्या. राजस्थानी कठपुतलीवाल्यांची 'बोली' ऐकली असेल तर हा आवाज ओळखीचा वाटेल. युक्ती तीच, वस्तू तोंडात धरून काढलेली शिट्टी. दोन्हीकडे अडचणही तीच: शब्द नीट कळत नाहीत. त्यावर उपाय म्हणून समोरची बाहुली किंवा बाहेरचा माणूस प्रत्येक वाक्य प्रश्न करून परत म्हणतो. "काय म्हणालास? बाळ झोपलंय?" ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटून कापू नका, सगळी गोष्ट तिच्यावरच उभी असते.

मजकुराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पंच जूडीला बडवतो आणि बाळाला फेकतो, तो भाग गाळा. आज अनेक प्रोफेसरही तो सौम्य करतात. मगर आणि सॉसेजची माळ मात्र ठेवाच. जुन्या मोज्यांत कापूस भरून, दर वीतभर अंतरावर दोऱ्याने आवळून ती माळ होते. एक टोक मगरीच्या जबड्यात टाचा, नाहीतर ओढाओढीत माळ खाली प्रेक्षकांत जाते आणि परत मिळत नाही. मारामारीला 'स्लॅपस्टिक' घ्या: मुठीशी जोडलेल्या दोन पातळ फळ्या, ज्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज काढतात पण मार लागत नाही. अख्ख्या विनोदप्रकाराला नाव यावरूनच पडलं.

पंच जमत नसेल तर सूटी घ्या. खरं तर पहिल्या खेपेला सूटीच घ्या. हॅरी कॉर्बेट नावाच्या हौशी जादूगाराने 1948 साली ब्लॅकपूलच्या नॉर्थ पिअरवर (समुद्रात गेलेल्या धक्क्यावर) साडेसात शिलिंगांना एक पिवळं अस्वल घेतलं, मुलाचं मन रमवायला. पुढे टीव्हीवर नेताना त्याच्या कानांना आणि नाकाला काजळी फासली, कारण कृष्णधवल पडद्यावर पिवळं अस्वल नुसता फिकट डाग दिसलं असतं. काजळीवरून नाव पडलं सूटी. 1952 पासून ते बीबीसीवर दिसू लागलं. सूटी बोलत नाही, मालकाच्या कानात कुजबुजतो. 1957 साली स्वीप नावाचं कुत्रं आलं, ते फक्त चिरकतं, आणि तो आवाज सॅक्सोफोनच्या रीडचा, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीचा. 1964 साली आलेली सू मात्र बोलते. एक मुका, एक किंचाळणारा, एक शहाणी. इतकी साधी विभागणी असल्यामुळे चार वर्षांच्या पोरालाही कोण काय करणार ते आधीच कळतं.

तुमच्यासाठी याचा फायदा असा की मालक उघडपणे टेबलामागे उभा राहतो. खोकं लागत नाही, हात डोक्यावर धरावे लागत नाहीत आणि बाहुलीला मराठी-इंग्रजी काहीच बोलावं लागत नाही. टेबल कमरेपेक्षा थोडं उंच, समोरून जमिनीपर्यंत कापड. पाण्याची पिचकारी, पिठाचा डबा आणि खेळण्यातला हातोडा टेबलाच्या आतल्या कडेला फळी ठोकून तिच्यावर ठेवा. त्यांचा क्रम ठरलेला हवा, कारण मालकाने खाली बघितलं की मुलांचंही लक्ष खाली जातं. कुजबुजीची लय अशी: बाहुली कानाशी, मोजून दोन सेकंद, मग मालकाचा चेहरा बदलतो, आणि त्यानंतरच तो मोठ्याने विचारतो, "काय? पिचकारी? नाही हं!" चेहरा आधी, वाक्य नंतर. उलटं केलंत तर बाहुली बोललीच नाही असं वाटतं. पिचकारी मारताना मालकाने बाहुलीकडे बघायचं नाही, मुलांकडे बघून समजूतदारपणाचं भाषण करत राहायचं. मुलं "मागे बघा!" म्हणून ओरडतील. तोवर थांबा. ओरडा टिपेला जाऊन उतरायला लागला की भिजवायचं. अजून थोडं ताणलं तर मुलं ओरडायची थांबतात आणि मग पाणी उडालं तरी कोणी हसत नाही.

हीच लय पँटोत. ब्रिटिश पँटो नाताळच्या सुट्टीत बहुधा दिवसाला दोन खेळ करतो, आणि त्यातली 'डेम' म्हणजे बाईच्या वेषातला धिप्पाड पुरुष. आपल्या गवळणीतली मावशी आठवा, फार लांबची नाही. अर्ध्या तासात अख्खा पँटो होणार नाही, पण बाकड्यावरचं भूत जरूर करा. तिघं बाकड्यावर बसून गाणं म्हणतात, मागून भूत येतं, मुलं ओरडतात, तिघं नेमके चुकीच्या बाजूला वळतात. भूत एकेकाला खांद्यावर टिचकी मारून पळवतं, शेवटी डेम उरते, ती वळते आणि तिचं तोंड बघून भूतच पळतं. भुताने पावलं गाण्याच्या तालावर टाकायची आणि बसलेल्यांनी मान भूत निघाल्यावर वळवायची, आधी नाही. कोणाची नजर चुकून भुतावर पडली आणि तरी तो 'कुठाय?' म्हणाला, तर मुलांना तो खोटारडा वाटतो. रिवाज असाही की खलनायक प्रेक्षकांच्या उजवीकडून येतो आणि परी डावीकडून. तुमचे इंग्रज पाहुणे हे ओळखतील, म्हणून पाळा.

'क्रॅकरजॅक' 1955 ते 1984 बीबीसीवर होतं आणि त्यात मुलांचा प्रेक्षकवर्ग खराखुरा समोर बसलेला असायचा. त्यातल्या दोन गोष्टी उचला. पहिली, सूत्रधाराने कार्यक्रमाचं नाव घेतलं की सगळ्या सभागृहाने ते नाव परत ओरडायचं. तुम्ही एखादा शब्द ठरवा. गोंगाट हाताबाहेर गेला की तोच शब्द म्हणायचा, सगळ्यांचं लक्ष क्षणात परत येतं. दुसरी, 'डबल ऑर ड्रॉप'. तीन मुलं उभी करून प्रश्न विचारा. बरोबर उत्तराला बक्षीस, चुकीला कोबीचा गड्डा. दोन्ही कवेतच धरायचं. काहीही पडलं की बाद, तीन कोबी झाले तरी बाद. आधी मोठ्या आणि हलक्या वस्तू द्या, म्हणजे रिकामं खोकं, उशी, फुगवलेला चेंडू, आणि लहान वस्तू नंतर. आधी लहान दिल्या तर मुलं त्या खिशात घालतात आणि खेळ संपतच नाही. प्रश्न सोपे ठेवा, मुलं चुकली नाहीत तरी ओझं वाढतंच. कोबीचे गड्डे मध्यम घ्या, तेही पायावर पडणार आहेत हे धरून.

शेवटी फेस. पँटोवाले त्याला 'स्लॉश' म्हणतात. 1974 ते 1982 शनिवारी सकाळी टीव्हीवर लागणाऱ्या 'टिसवॉज'मध्ये फँटम फ्लॅन फ्लिंगर नावाचा बुरखाधारी लोकांच्या तोंडावर फेसाने भरलेली ताटली फासत फिरायचा, तोही याच घराण्यातला. खरं क्रीम वापरू नका. दिव्यांच्या उष्णतेत ते वितळतं, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि तूपकट डाग जात नाहीत. डब्यातला दाढीचा फेसही लवकर बसतो. दाढीच्या साबणाची कांडी बारीक किसा, साधारण 100 ग्रॅम किसावर एक कप गरम पाणी घालून विरघळू द्या, मग बादलीत विजेच्या रवीने फेटा. पाणी पुढे चमचा-चमचाच घाला. जास्त झालं तर फेस वाहतो आणि परत घट्ट होत नाही. रवी उचलल्यावर टोक उभं राहिलं की झालं. रंग हवा तर खाण्याचा रंग दोन थेंब, जास्त घातला तर कपड्यांवर उतरतो. ज्याच्या तोंडावर जाणार त्याच्या मनगटावर आदल्या दिवशी थोडा लावून बघा, आणि तो माणूस मोठा हवा, मूल नको.

फेस भरायला ताटली कागदाची घ्या. तळव्यावर सपाट धरून हनुवटीकडून गालावर दाबायची, फेकायची नाही, नाकावर सरळ नाही. ज्याच्या तोंडावर फासायचं त्याने डोळे-तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडत मान स्थिर ठेवायची. माणसाने मान मागे घेतली की फेस डोळ्यांत जातो. फासल्यावर तीन सेकंद दोघांनीही हलायचं नाही, हशा त्या थांबण्यावर येतो. जवळ ओला टॉवेल ठेवा.

जमिनीवर आधी जाड ताडपत्री अंथरा, प्रत्येकाच्या पायात रबरी तळव्याचे बूट. साबण सांडलेल्या फरशीवर घसरून मनगट मोडणं हा या प्रकारातला खरा धोका आहे. म्हणून हा प्रवेश शेवटचा. संपला की चार कोपरे आत घेऊन ताडपत्री पसाऱ्यासकट ओढत बाहेर न्या, आणि तेवढ्या वेळात एकाने पुढे येऊन मुलांकडून गाणं म्हणवून घ्यायचं. पँटोत शेवटी मुलांना गाणं शिकवतात तेही याचसाठी, मागे नेपथ्य बदलायला वेळ मिळावा म्हणून. राहिलेला फेस आधी कोरड्या वर्तमानपत्राने उचला. पाणी टाकलंत की तो पुन्हा फुगतो आणि हॉलच्या चाव्या परत द्यायला रात्रीचे अकरा वाजतात.